ऐंशीला वीस टक्के

"ठसा येत नाहीये. बोट जरा केसांना घासून परत ठेवा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मग तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या."

त्या 'राहू द्या'चा राग अजून गेलेला नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे आपण मेलेलो नाही हे बँकेला पटवायचं. मशीनला पटलं नाही. मला बाजूला बसवलं, म्हणजे उभं केलं. खुर्च्या तीन, पेन्शनर अख्खं एरंडवणं.

पिशवीत व्हिक्टर फ्रँकल होता. छळछावणीतून वाचलेल्या या डॉक्टरानं १९४६ साली लिहिलं, की माणसाची खरी ओढ सुखाकडे नसते, अर्थाकडे असते. निवृत्तीपासून मीही अर्थ शोधतोय. बायकोचं म्हणणं, आधी गीझरवाल्याला शोधा.

शेजारी घरून घडीची खुर्ची घेऊन आलेले एक काका होते. शिमला ऑफिसातून, म्हणजे पुण्याच्या हवामान खात्यातून रिटायर, वय एकोणऐंशी.

"काय वाचताय?"

"माणूस कशासाठी जगतो, ते."

"त्याला एवढी पानं?" त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून परत दिलं. "ऐका. रिटायर होताना मी चाळीस टक्के पेन्शन विकली, म्हणजे तिचे पैसे एकरकमी उचलले. पंधरा वर्षं काढली की ती पुन्हा सुरू होते. काढली! आता ऐंशी. मूळ पेन्शनवर वीस टक्के जादा. पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास."

"आणि शंभरीला?"

काकांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "डब्बल."

मला राहवेना. म्हटलं, मास्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४३ साली गरजांच्या पायऱ्या मांडल्यात. अन्न, सुरक्षितता, प्रेम, मान, आणि सगळ्यात वर स्वतःतलं जे काही असेल ते फुलवणं.

"केंद्र सरकारात होता?"

"प्राध्यापक. अमेरिकेत."

"किती जगला?"

"बासष्ट."

"म्हणजे पहिल्या पायरीलाही पोचला नाही!" काका मनापासून हळहळले. "आणि हा तुमचा पुस्तकवाला?"

"फ्रँकल? ब्याण्णव."

"चाळीस टक्के!" म्हणत त्यांनी पुस्तक पुन्हा मागून घेतलं आणि मागचा फोटो बराच वेळ न्याहाळला.

जादा पैशांचं करणार काय, असं विचारलं तर चिडले. "करायचं काय त्यात? घ्यायचे!"

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. अंगठा पहिल्या झटक्यात जुळला. जाताना खुर्चीही घेऊन गेले. एवढ्या गप्पांनंतर माणूस निदान विचारतो तरी, बसता का म्हणून.

आणि टीडीएस कापताना? तेव्हा बरा मी जिवंत असतो! तिथे अंगठा लागत नाही, केस लागत नाहीत, काही नाही.

शेवटी मुलगी म्हणाली, "काका, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. ॲप सांगेल तसं करा." ॲप म्हणालं, डोळ्यांची उघडझाप करा. केली. पुन्हा करा. पुन्हा केली. समोरच्या खुर्चीवरच्या बाई उठल्या आणि पासबुकाच्या मशीनपाशी जाऊन उभ्या राहिल्या.