व्हिडिओ काढून ठेवा

मुलांच्या ऑटिझम (स्वमग्नता) तपासणीवरच्या तुमच्या लेखात ‘तपासणीला जुने रिपोर्ट न्या’ म्हटलंय, बरोबरच. पण मोबाइलमधले व्हिडिओही न्या. आमचा नातू घरी तासन्‌तास चपला रांगेत लावायचा, आणि दवाखान्यात नेमका शहाण्यासारखा बसला! सूनबाईंनी व्हिडिओ दाखवला तेव्हा कुठे डॉक्टर सावरून बसल्या. आधी कानांची तपासणी, मग ‘इसा’ (ISAA) या ऑटिझम मोजायच्या भारतीय चाचणीचे 40 मुद्दे. त्यात 70 पेक्षा कमी गुण म्हणजे ऑटिझम नाही. इथे जास्त गुण चांगले नव्हेत, हे आमच्या ह्यांना दोनदा सांगावं लागलं. आणि घरची भाषा पहिल्याच भेटीत सांगा. इथे इंदूरला सगळं हिंदीत. ‘जूते लाओ’ म्हटलं, हा ढिम्म. मी म्हटलं, ‘बाळा, चपला आण.’ आणल्या की! रांगेतच ठेवल्या.