चोथा द्या, पण मोरचूद विसरू नका

वाइनरीतला द्राक्षाचा चोथा मेंढ्यांना घाला, हा लेखातला सल्ला पटला. पण बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा, उल्लेखच नाही! नाशिककडे डाऊनीसाठी (केवडा रोगासाठी) द्राक्षबागांवर मोरचूद मारतात, म्हणजे तांबं, आणि ते चोथ्यातही उतरतं. गाय ते बऱ्यापैकी सोसते, मेंढी नाही. तिच्या यकृतात ते गुपचूप साठत जातं आणि एक दिवस डोळे पिवळे, लघवी लाल, जनावर आडवं. म्हणून चोथ्यातलं तांबं आधी तपासून घ्या. गाईंचं खनिज मिश्रणही मेंढ्यांना नकोच, त्यातही तांबं असतं.

ओला चोथा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, मुरघासासारखा हवाबंद दाबला तर टिकतो. बियांतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे प्रथिनं नीट अंगी लागत नाहीत, तेव्हा नुसत्या चोथ्यावर कळप ठेवू नका. आमच्या मेंढ्यांनी आधी तोंडच लावलं नाही, मक्याचा भरडा मिसळला तेव्हा कुठे खाल्लं.