आंबे सगळ्यांचे, पाला माझा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीत एक आंबा आहे. मे महिन्यात तो सगळ्यांचा असतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर आकडी घेऊनच खाली उतरतात. जूनमध्ये फांदी माझ्या खिडकीवर घासायला लागली की तेच झाड एकदम ‘तुमच्या बाजूचं’! अहो, जमीन सोसायटीची, मग झाड माझं कसं? बरं, पदरचे पैसे घालून तोडायचं म्हटलं तर १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेच्या परवानगीशिवाय कोयता लावता येत नाही. अर्ज सोसायटीनं करायचा. सेक्रेटरी म्हणतात, "मीटिंगमध्ये घेऊ." तीन पावसाळे गेले, मीटिंगमध्ये फक्त पार्किंगची भांडणं. पाल्यानं गटार तुंबलं की मात्र वॉचमन माझीच बेल वाजवतो.