रक्तहीन क्रांती, आणि उंदराचा भाव एक शिलिंग

‘इंग्लंडने 1688 मध्येच करून दाखवलं, आपण अजून भांडतोय’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. दादाने तो घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर अंगठे पडले, हात जोडले गेले. इथवर मी काही बोलले नसते. पण राज्यसेवेची तयारी करणाऱ्या भाचीने तो नोट्समध्ये उतरवून घेतला आणि मला विचारलं, ‘मावशी, निबंधात वापरू ना?’ नको गं बाई. का नको ते सगळ्यांसमोरच लिहिते, म्हणजे दादालाही वाचता येईल.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजांनी रक्ताचा थेंबही न सांडता राजा बदलला, बिल ऑफ राइट्सने (तेव्हाच्या हक्कांच्या कायद्याने) प्रत्येक नागरिकाला समान हक्क आणि धर्मस्वातंत्र्य दिलं, त्या दिवसापासून धर्म राजकारणाबाहेर गेला, राजा नामधारी झाला, आणि मॅग्ना कार्टापासून (राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या 1215 च्या सनदेपासून) आजवर तिथे पार्लमेंट अखंड चालू आहे.

धर्माचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात अचाट आहे. अरे, राजाला घालवला तोच मुळी धर्मावरून!

जेम्स दुसरा 1685 मध्ये गादीवर आला. तो कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारा. देश बहुतांशी प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारा, आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख कायद्याने राजाच. 1673 च्या टेस्ट ॲक्टमुळे कॅथलिकांना सरकारी किंवा लष्करी पद मिळत नसे. जेम्सने 1687 मध्ये जाहीरनामा काढून असे कायदे स्थगित केले. कॅथलिक असोत की क्वेकर, बाप्टिस्ट असे वेगळे प्रोटेस्टंट पंथ, सगळ्यांना उपासनेची मोकळीक. पुढच्या वर्षी तोच जाहीरनामा पुन्हा काढला आणि प्रत्येक चर्चमध्ये वाचून दाखवा असा हुकूम सोडला. सात बिशपांनी राजाकडे अर्ज केला, की पार्लमेंटला डावलून कायदे स्थगित करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तेव्हा हे आमच्याकडून वाचून घेऊ नका. राजाने त्यांना टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात टाकलं, खटला भरला. 30 जून 1688 ला ते निर्दोष सुटले आणि लंडनकरांनी रस्त्यांवर जाळ पेटवून जल्लोष केला. त्याच दिवशी सात बड्या लोकांनी हॉलंडच्या विल्यम ऑफ ऑरेंजला गुप्त पत्र धाडलं: फौज घेऊन या, आम्ही साथ देतो. विल्यम म्हणजे जेम्सचा प्रोटेस्टंट जावई.

म्हणजे सर्वांना धर्माची मोकळीक देऊ करणारा राजा, आणि त्याला हुसकावणारे चर्च आणि पार्लमेंटवाले. मेसेजमध्ये नेमकं उलटं लिहिलंय.

जेम्स काही संत नव्हता, हेही सांगायला हवं. पार्लमेंट आपल्या माणसांनी भरायची त्याची तयारी चालली होती, शांततेच्या काळात मोठी फौज बाळगली होती आणि 1685 मध्ये पुतण्या मॉनमथने केलेल्या बंडानंतर त्याच्या न्यायाधीशांनी सुमारे 300 लोकांना मारलं होतं. शेजारी फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने त्याच वर्षी प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं. तिथून पळालेले लोक लंडनच्या गल्लीबोळांत राहत होते आणि कॅथलिक राजा काय करू शकतो ते सांगत होते. त्यामुळे लोकांची भीती अगदीच हवेतली नव्हती.

पण अफवाही होत्याच. जून 1688 मध्ये जेम्सला मुलगा झाला, म्हणजे कॅथलिक वारस. लगेच आवई उठली, की मूल राणीचं नाहीच. बिछाना उबवायच्या लांब दांड्याच्या निखारपात्रातून कुणाचं तरी पोर बाळंतिणीच्या खोलीत आत नेलं. बिचाऱ्या राजाला ऑक्टोबरमध्ये सरदार, डॉक्टर, दाया अशा चाळीसहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या घेऊन छापाव्या लागल्या. तरी ज्यांना विश्वास ठेवायचा नव्हता त्यांनी ठेवला नाहीच. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आता बिल ऑफ राइट्स. दादा, या मेसेजला उत्तर द्यायला ग्रंथालयात जायची गरज नाही. डिसेंबर 1689 चा हा कायदा ब्रिटिश सरकारच्या कायद्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतो आणि फार लांबही नाही. एकदा वाच. सुरुवातच होते ती जेम्सने ‘प्रोटेस्टंट धर्म आणि या राज्याचे कायदे व स्वातंत्र्य’ उखडून टाकायचा प्रयत्न केला या आरोपाने. यादीत धर्म आधी आहे, स्वातंत्र्य नंतर. मग तक्रार अशी, की प्रोटेस्टंटांची शस्त्रं काढून घेतली आणि पोपवाल्यांना शस्त्रं आणि नोकऱ्या दिल्या. हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगायचा हक्क आहे, पण ‘जे प्रोटेस्टंट आहेत अशा प्रजाजनांना’, आणि तोही ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. पुढे साफ लिहिलंय, की या प्रोटेस्टंट राज्यावर पोपपंथी राजाने, किंवा पोपपंथी बायको अथवा नवरा करणाऱ्याने राज्य करणं सुरक्षित नाही असं अनुभवाने दिसून आलंय. सबब तशा माणसाला गादी कायमची बंद. हे समान हक्क?

त्याच वर्षीच्या टॉलरेशन ॲक्टने इंग्लंडच्या चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांना शपथ घेतल्यावर उपासनेची परवानगी दिली. कॅथलिकांना नाही, पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानणाऱ्यांना नाही. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायला 1829 उजाडावं लागलं, आणि ज्यूंना 1858. कॅथलिकाशी लग्न केलं तर गादीवरचा हक्क जातो हे कलम हटलं ते 2015 मध्ये. राजा स्वतः कॅथलिक असू शकत नाही हे आजही तसंच आहे. मे 2023 च्या राज्याभिषेकात तिसऱ्या चार्ल्सने प्रोटेस्टंट धर्म राखायची शपथ घेतली ती आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये 26 बिशप पदसिद्ध बसतात. धर्म बाहेर कुठल्या दाराने गेला ते मला काही सापडलं नाही.

आपल्या मुंबईचीच गोष्ट घ्या. 1661 मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नाच्या तहात पोर्तुगीजांनी मुंबई दिली, तेव्हा तिथल्या रहिवाशांना रोमन कॅथलिक धर्म पूर्वीसारखा पाळता येईल असं तहातच लिहून घेतलं. म्हणजे मुंबईच्या कॅथलिकांकडे निदान कागदावर जी हमी होती, ती लंडनच्या कॅथलिकांना 1689 मध्येही मिळाली नाही.

‘रक्ताचा थेंबही नाही’ हा दावा नुसता चुकीचा नाही, निर्दय आहे. इंग्लंडपुरतं बघायचं तर विल्यम 5 नोव्हेंबर 1688 ला टॉरबेला उतरला, बरोबर हजारोंची फौज. रेडिंग आणि विंकँटनला चकमकी झाल्या, माणसं मेली, पण थोडी. जेम्सचे सेनापतीच फुटले. तो पळाला, केंटमध्ये कोळ्यांच्या हाती सापडला, परत आणला गेला, आणि डिसेंबरअखेर पुन्हा पळून फ्रान्सला गेला. त्याच्या जागी विल्यम गादीवर आला. इथवर रक्तहीन म्हणा, चालेल.

पण जेम्स आयर्लंडचा आणि स्कॉटलंडचाही राजा होता. 1689 मध्ये त्याच्या फौजेने आयर्लंडमधल्या डेरी शहराला वेढा घातला. 105 दिवस. आत अडकलेले प्रोटेस्टंट घोडे, कुत्री, मांजरं खाऊन जगले. वेढ्यात शहराचा कारभार सांभाळणाऱ्या जॉर्ज वॉकर या पाद्र्याने नंतर बाजारभाव छापले: मांजर साडेचार शिलिंग, मोठा उंदीर एक शिलिंग, लहान उंदीर सहा पेन्स. कुत्र्याचा पाव हिस्सा साडेपाच शिलिंग, आणि पुढे टीप, की हा कुत्रा मेलेल्या आयरिशांची प्रेतं खाऊन पोसलेला. 1690 मध्ये बॉइन नदीवर दोन राजे समोरासमोर लढले. 1691 च्या ऑग्रिमच्या एकाच लढाईत सुमारे 7000 माणसं मेली असं मानतात. त्यानंतर आयर्लंडच्या कॅथलिकांवर जे कायदे लादले गेले त्यांनी शाळा, जमीन, शस्त्र, पद यांपैकी काही म्हणून सोडलं नाही.

आणि स्कॉटलंडमधलं ग्लेन्को. तिथल्या मॅकडोनल्ड कुळाच्या म्होरक्याला 1 जानेवारी 1692 च्या आत विल्यमशी निष्ठेची शपथ घ्यायची होती. तो आधी भलत्याच ठाण्यावर गेला, तिथून त्याला दुसरीकडे पिटाळलं, आणि शपथ व्हायला 6 तारीख उजाडली. तेवढा उशीर पुरला. सैनिक येऊन त्यांच्या घरी जवळपास दोन आठवडे राहिले, जेवले, पत्ते खेळले, आणि 13 फेब्रुवारीच्या पहाटे यजमानांनाच कापलं. 38 जण. हुकमाच्या कागदावर विल्यमची सही होती.

राजा नामधारी झाला हेही खरं नाही. विल्यम स्वतः युद्धावर जायचा, मंत्री स्वतः नेमायचा, पार्लमेंटची विधेयकं फेटाळायचा. शेवटचा नकाराधिकार राणी ॲनने 1708 मध्ये वापरला.

एक मात्र कबूल करते. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, शांतताकाळी फौज नाही, कायदा स्थगित करणं नाही, हे तेव्हा ठरलं आणि टिकलं. मोठी गोष्ट आहे, निबंधात जरूर लिही. फक्त त्या पार्लमेंटला मत देणारे मूठभर मालमत्तावाले पुरुष होते हेही त्याच परिच्छेदात येऊ दे.

राहता राहिला अखंड पार्लमेंटचा दावा. 1629 पासून 1640 पर्यंत जेम्सच्या बापाने, पहिल्या चार्ल्सने, पार्लमेंट बोलावलंच नाही. आणि 1653 मध्ये पार्लमेंटच्याच फौजेचा सेनापती क्रॉमवेलने बंदूकधारी शिपाई आत घालून सभासदांना हाकललं आणि दाराला कुलूप ठोकलं.