तृप्ती टाळण्याचे खान्देशी उपाय

इच्छा पूर्ण होणं हा प्रकार, भाऊ, फार धोक्याचा. तृप्त माणूस कुणाच्या कामाचा राहत नाही. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारात अशी वेळ कुणावर येऊ नये, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगतो.

सोनं घ्यायला जळगावलाच जा. केळीचं पेमेंट आलं की वहिनींना घेऊन सराफाकडे शिरा, पोत पसंत करा आणि बिल होईपर्यंत शेजारच्या गिऱ्हाइकाच्या ट्रेकडे बघत बसा. तिकडची पोत अंमळ जड दिसली की काम फत्ते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही चक्कर मारा. घोडा घेऊ नका, नुसता भाव विचारा. परत येताना आपली नवी मोटरसायकल आपोआप भंगार वाटू लागते.

खरी कसोटी हिवाळ्यातल्या भरीत पार्टीला. बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर काळी ठिक्कर भाजून सोललेली, ठेचलेली. वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, तेलात तडतडलेले शेंगदाणे. सोबत गरम कळण्याची पुरी. मोठा बिकट प्रसंग! दुसऱ्याच घासाला डोळे मिटू लागतात. अशा वेळी ताबडतोब मोबाईल काढा. फोटो टाका, भरीत गार होईस्तोवर लाईक मोजा. तरीही चव लागलीच, तर "मागच्या वर्षीसारखं नाही जमलं" असं मोठ्यानं म्हणा. सगळी पंगत सावरते.

हे मी मनाचं सांगत नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं. इतरांपेक्षा ते काही फार सुखी निघाले नाहीत. उलट नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा विनोद, यांतली त्यांची गोडी इतरांहून कमी भरली. त्यांना त्यासाठी लॉटरी लागावी लागली. आपल्याकडे तेच काम नवा ट्रॅक्टर आठवड्यात करतो, वर हप्ते वेगळे.

ययातीनं पोराचं तारुण्य उसनं घेऊन हजार वर्षं वापरलं आणि हौस फिटत नाही म्हणून परत केलं. तिथंच चुकला. मुदत वाढवून घ्यायची होती.

एक पथ्य मात्र पाळा. पंगतीत जुन्या माणसांशेजारी बसू नका. आमच्या गल्लीतले नाना दोन भाकरी झाल्या की ताटावर आडवा हात धरतात, "बस, पोट भरी गयं" म्हणतात आणि खरोखरच थांबतात. वाढप्या पातेलं घेऊन खुळ्यासारखा उभाच.