रंगाच्या कारखान्यातल्या शिशाचा हिशेब

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगू लागला की छायाचित्रे फिरतात, अधिकारी पाहणीला जातात आणि कुठल्यातरी नाल्याच्या तोंडाशी पाण्याचा नमुना भरला जातो. फेसाबद्दलचा संताप योग्यच आहे. परंतु पाण्यात शिसे किंवा कॅडमियम असेल तर त्याने ना फेस येतो ना वास, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही. रंगनिर्मितीतून पाण्यात आणि मातीत जाणाऱ्या जड धातूंबद्दल आपल्याकडे इतकी शांतता का, याचे निम्मे उत्तर मला यातच दिसते. गणेशोत्सवात मूर्तीच्या रंगाने नदी बिघडते यावर पुण्यात दरवर्षी हिरिरीने चर्चा होते, मात्र तो रंग ज्या भांड्यात तयार झाला त्या भांड्याची धुवण कुठे गेली, हे कोणी विचारत नाही.

रंगाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत मी काही वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. औद्योगिक रंगांत गडद पिवळ्या छटेसाठी अनेक वर्षे वापरले जाणारे रंगद्रव्य म्हणजे लेड क्रोमेट. त्याच्या वजनात सुमारे 64 टक्के शिसे आणि 16 टक्के क्रोमियम असते, म्हणजे 25 किलोच्या एका पोत्यात 16 किलो शिसे. कामगार पोते फाडून हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या वरच्या नरसाळ्यासारख्या तोंडात, ओततो आणि शेवटी पोत्याला दोन झटके देतो. त्या झटक्यांनी उडालेली पूड त्याच्या बाह्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि फरशीच्या सांध्यांत बसते. संध्याकाळी फरशी धुतली जाते, पिवळ्याची बॅच संपवून दुसरी छटा घ्यायची असली की भांडे धुतले जाते आणि कामगाराचे कपडे त्याच्या घरी, घरातल्या इतर कपड्यांबरोबर धुतले जातात. पिण्याच्या पाण्यासाठी शिशाची भारतीय मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने विरघळलेले एक ग्रॅम शिसे एक लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे.

‘लेड क्रोमेट पाण्यात विरघळतच नाही, मग भीती कसली?’ असा युक्तिवाद कारखानदारांच्या बाजूने नेहमी होतो. शुद्ध पाण्यापुरते ते जवळजवळ खरे आहे. मात्र नाल्यात शुद्ध पाणी वाहत नसते. शेजारच्या प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देणाऱ्या) किंवा पिकलिंगच्या (आम्लाने धातू साफ करणाऱ्या) शॉपचे आम्लयुक्त सांडपाणी त्याच नाल्याला येऊन मिळते, आणि आम्लात हे रंगद्रव्य अधिक विरघळते. पोटातही आम्लच असते, त्यामुळे धुळीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या मुलाला अविद्राव्यतेचा हा दाखला काही उपयोगाचा नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते.

‘आमच्याकडे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, आहे’ हे दुसरे ठरलेले उत्तर. असेलही, पण ती चालवायची कशी? सांडपाण्यात चुना टाकला की शिसे साक्याच्या रूपाने खाली बसते. रंगद्रव्यातले क्रोमियम सहा संयुजेच्या रूपात असते, ते मात्र चुन्याला दाद देत नाही. आधी पाणी आम्लधर्मी करून, सोडियम मेटाबायसल्फाइटसारखे रसायन घालून ते तीन संयुजेच्या रूपात आणावे लागते आणि मगच चुना द्यावा लागतो. ही मधली पायरी वेळखाऊ आणि खर्चिक असल्याने घाईत टाळली जाते. ती नीट पार पाडली तरी धातू नष्ट होत नाही, तो पाण्यातून स्लजमध्ये, म्हणजे तळाच्या गाळात, जातो इतकेच. हा स्लज कायद्याने घातक कचरा आहे आणि तो रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात जायला हवा. तिथपर्यंत नेण्याचे पैसे लागतात आणि कारखान्यामागची मोकळी जागा फुकट असते, यातले काय घडते ते वेगळे सांगायला नको.

तिथून पुढे दोन्ही धातूंच्या वाटा वेगळ्या होतात. आपल्या काळ्या, चिकण मातीत शिसे वरच्या थरातच धरले जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. सहा संयुजेचे क्रोमियम अल्कधर्मी मातीला फारसे चिकटत नाही, ते पाण्याबरोबर खाली झिरपते आणि बेसॉल्टच्या भेगांमधून विहिरीपर्यंत पोहोचू शकते. म्हणजे विहिरीच्या पाण्याचा अहवाल चांगला आला म्हणून शेजारच्या वाफ्यातली माती चांगली असेलच असे नाही. पालक-मेथीच्या वाफ्याला नाल्याचे पाणी देणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

कायद्याचे म्हणाल तर 2016 च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग इतकी ठरवली आणि ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. चांगलेच झाले. परंतु यंत्रांना आणि लोखंडी सांगाड्यांना लावायचे औद्योगिक रंग त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. आपल्या दिवाणखान्याची भिंत सुरक्षित झाली, रंग बनवणाऱ्या शेडच्या मागची वस्ती मात्र होती तशीच राहिली. युरोपीय संघात मे 2015 पासून लेड क्रोमेट रंगद्रव्यांना खास परवानगी लागते. पिवळ्या छटेसाठी बिस्मथ व्हॅनाडेट किंवा सेंद्रिय रंगद्रव्ये, आणि प्रायमरमध्ये शेंदूर किंवा झिंक क्रोमेटऐवजी झिंक फॉस्फेट, असे पर्याय बाजारात उपलब्ध आहेत. ते महाग पडतात, ही अडचण खरी आहे आणि लहान उद्योजकाला ती जाचते हेही मान्य आहे. पण आज तो फरक कामगाराचे घर आणि नाल्याकाठची शेती भरून काढते.

औद्योगिक रंगांतही शिशावर बंदी यावी, हे माझे ठाम मत आहे. ती येईपर्यंत नाल्यातल्या बाटलीवर विसंबणे सोडावे. नमुना घेतला त्या तासाला भांडे धुतले जात नसेल, तर अहवाल निर्मळच येणार. त्यापेक्षा वर्षभरात शिसेयुक्त रंगद्रव्य किती खरेदी केले, त्यातले शिसे विकलेल्या मालात किती गेले आणि घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टवर (कचरा बाहेर पाठवतानाच्या नोंदपत्रावर) किती बाहेर पडले, याची वजाबाकी करावी. जे उरते ते एकतर गोदामात असते, नाहीतर पाण्यात आणि मातीत. खरेदीची वही, बॅचची कार्डे आणि मॅनिफेस्ट कारखान्यात असतातच, शिवाय घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र दरवर्षी 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावेच लागते. कारखाना चालवण्याच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी मंडळाने हे सारे एकत्र मागवून वजाबाकीचा आकडा जाहीर करावा, आणि त्याची एक प्रत ज्या ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या हद्दीत कारखाना आहे तिथल्या फलकावर लावावी.