भाडेकरू १२ वर्षांनी घराचा मालक होत नाही

‘सुप्रीम कोर्टाचा निकाल! १२ वर्षं राहिलेला भाडेकरू आता घराचा मालक!’ हा मेसेज रत्नागिरी-चिपळूणच्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून मुंबईतले चाकरमानी म्हणतात, गावच्या घराला कुलूपच बरं. आणि इथे बदलून आलेले शिक्षक, नर्स खोलीसाठी वणवण करतात.

मी मूळ निकाल वाचला. रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मंजीत कौर, ७ ऑगस्ट २०१९. तो प्रतिकूल कब्जाबद्दल आहे, म्हणजे मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे, सलग १२ वर्षं जागा धरून बसलेल्याबद्दल. भाडेकरू तर मालकाच्या परवानगीने राहतो. महिना, रक्कम, मालकाची सही असलेली ती छोटी भाडेपावती म्हणजे ‘घर मालकाचंच’ ही भाडेकरूची कबुली. म्हणून पावत्या दोघांनीही जपा.

जुन्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं, त्याला काढणं सोपं नसतं, हे खरं. पण संरक्षण म्हणजे मालकी नव्हे. आता घर नव्याने भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देणारा, लेखी करार करून नोंदवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.